गाडीच्या नाकाखाली अर्धी होडी

आमच्या गाडीच्या नाकाखाली मी अर्धी होडी का बसवली होती, असं मला रत्नागिरीत अजूनही लोक विचारतात. भाजी घेताना विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. एकदा तर दाढ काढताना डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा त्यांचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते. म्हणून एकदा सगळं क्रमाने सांगून टाकतो. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला कुठलीही गोष्ट उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान याच क्रमाने सांगता येते. यातलं अनुमान माझं चुकलं, हे आधीच कबूल करतो. बाकी चारांत फारशी खोट नव्हती.

उद्देश असा की, माझ्या बायकोने, कमळाने, गाडीत बसावं.

गाडी तिच्याच नावावर आहे. तिच्या मोठ्या भावाने मुंबई सोडताना ती बहिणीला दिली. गाडी जुनी, पांढरी, लांब नाकाची आणि पेट्रोलच्या बाबतीत मोकळ्या मनाची. तिचं नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की पन्नाशीच्या पुढचे पुरुष डोळे मिटून आठवणी सांगायला लागतात आणि मूळ विषय राहून जातो.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं देवरूखला कमळाच्या बहिणीकडे, तुळसाकडे, निघालो होतो. हातखंब्याच्या पुढे नवा रुंद रस्ता लागला. गाडीने नव्वद गाठले. आमचं काही बोलणं चाललं होतं आणि एकाएकी गाडीचं नाक हलकं झालं. रस्त्यातल्या म्हशीच्या मागे हॉर्न वाजवला की ती जशी आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे विचार करत जाते, तशी आमची गाडी गेली. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने माझ्याबद्दल काही मत व्यक्त केलं. ते काच बंद असल्याने ऐकू आलं नाही, पण हातावरून कळलं.

पाली आली तेव्हा कमळा म्हणाली, "थांबवा."

मी थांबवली. ती उतरली, पर्स घेतली, मागच्या सीटवरची डब्यांची पिशवी घेतली आणि दार हळू लावलं. कमळाने दार आपटलं तर मी घाबरत नाही. हळू लावलं की घाबरतो.

"तुमच्याबरोबर मी ह्या गाडीत बसणार नाही आता," ती म्हणाली आणि समोर उभ्या असलेल्या देवरूख एसटीत जाऊन बसली.

का, असं मी विचारलं नाही. कारण उघड होतं. वेगात गाडीचं नाक उचलत होतं.

तेव्हापासून आमचं देवरूखला जाणं असं झालं, की पुढे एसटीत कमळा आणि मागे गाडीत मी. एसटीला मागे टाकून पुढे जावं तर बायकोला सोडून गेल्यासारखं दिसतं. मागे राहावं तर एसटी प्रत्येक फाट्यावर थांबते, मग मीही थांबतो. तिसऱ्या खेपेला कंडक्टर खाली उतरून माझ्याकडे आला.

"काका, कोणाच्या मागावर आहात?"

"बायकोच्या."

त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा एसटीच्या खिडकीकडे पाहिलं. "मग तिकीट काढून आत बसा की," तो म्हणाला, "आम्ही काय नाही म्हटलंय?"

माणसाच्या मानाला धक्का लागायला मोठ्या घटना लागतात असं नाही. एवढं पुरतं.

आमचा मुलगा विनीत पुण्याला असतो. त्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबा, तुमची मसल कार आहे, दांडग्या इंजिनाची. जुन्या मसल कारचं नाक वेगात उचलायचंच."

"मसल म्हणजे स्नायू ना?"

"हो, पण तो मुद्दा नाही. पुढच्या बंपरखाली एक आडवी पट्टी लावायची. स्पॉइलर म्हणतात. गाडीच्या खाली हवा कमी शिरते, नाक खाली राहतं. लोक घरी बनवतात. मी व्हिडिओ पाठवतो."

त्याने व्हिडिओ पाठवला. एक परदेशी माणूस आपल्या गॅरेजमध्ये एका प्लास्टिकच्या पत्र्याला प्रेमाने वाकवत होता. मी तो सात वेळा पाहिला. भाषा अर्धी कळली, पण त्याच्यामागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरचे भाव पूर्ण कळले.

रविवारी सकाळी आमच्या पडवीत आठ-दहा मुलं येतात. शिकवणी म्हणता येणार नाही. काहीतरी करून बघायचं आणि ते तसं का झालं ते शोधायचं, एवढंच. त्या रविवारी मी पुठ्ठ्याची गाडी करून टेबलफॅनसमोर ठेवली. पंखा लावला, गाडी उडाली. मग तिच्या नाकाखाली पोस्टकार्डाची पट्टी चिकटवली, पंखा लावला, गाडी जागेवर राहिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

सातवीतल्या दीक्षाने हात वर केला. "सर, स्पॉइलर म्हणजे बिघडवणारा. मग तो मुद्दाम कशाला लावायचा?"

"हवेचा डाव बिघडवतो तो. आपला नाही."

"बरं. पण सर, दुसऱ्या वेळी पंखा खाली वाकला होता."

पाहतो तर खरंच. पंख्याची मान ढिली झाली होती आणि तो गाडीला वरून दाबत होता. मी पंखा सरळ केला. गाडी पट्टीसकट उडून तुळशीपाशी पडली. वेळ संपत आली असल्यामुळे तास तिथेच थांबवला. असा प्रश्न विचारणारं मूल समोर असलं की मास्तराचं आयुष्य वाढतं आणि मान तेवढा कमी होतो. एकूण हिशेब बरोबर बसतो.

एव्हाना आळीत बातमी पोचली होती. शेजारचे आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते कुंपणावरून म्हणाले, "गुरुजी, नाक हलकं आहे ना? मग ते जड करा. विज्ञान कशाला पाहिजे त्याला? दोन चिरे टाका आत."

आमच्याकडे चिरा म्हणजे जांभ्या दगडाची वीट, आणि ती उचलताना माणूस देवाचं नाव घेतो. दोन चिरे ठेवल्यावर बॉनेट लागेना. एक ठेवला तर बॉनेट लागलं, पण इंजिन तापल्यावर चिरा तापला आणि गाडीतून जमीन भाजल्याचा वास यायला लागला. शेतकरी माणसं वळून बघायची. चौथ्या दिवशी चिरा काढला. आप्पांनी तो परत नेला नाही.

पलीकडच्या घरातले रावजी तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेत. त्यांचा सल्ला वेगळा होता. "गुरुजी, आधी अर्ज करा. कशासाठी ते मागाहून ठरवता येतं."

मी आरटीओ कार्यालयाला अर्ज लिहिला. विषय: वाहनाच्या अग्रभागी वायुरोधक पट्टिका बसविणेबाबत. मराठी शुद्ध होतं, तिथेच चूक झाली. खिडकीवरच्या माणसाने विषय वाचला, 'वायू' या शब्दाखाली रेघ मारली आणि मला बाहेर झाडाखाली उभ्या असलेल्या धूर तपासणीच्या व्हॅनकडे पाठवलं. व्हॅनवाल्याने गाडीच्या मागे नळी घातली. मी म्हटलं, माझा प्रश्न पुढचा आहे. तो म्हणाला, पुढून धूर येत नाही. मला प्रमाणपत्र मिळालं. धूर समाधानकारक होता.

मग मी विठूकडे गेलो.

विठू मिरकरवाड्याच्या अलीकडे फायबरच्या होड्या बनवतो. त्याच्या शेडमध्ये रेझीनचा असा वास असतो, की आत गेलेला माणूस पाच मिनिटांत सगळ्यांना माफ करून टाकतो. व्हिडिओतला माणूस जो पत्रा वाकवत होता, त्याच्या शंभरपट मोठी वस्तू विठू रोज साच्यातून काढतो. रत्नागिरीत राहून मला हे आधी सुचलं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

"या गुरुजी. काय बनवायचाय?" विठूने विचारलं.

मी त्याला व्हिडिओ दाखवला नाही. जी गोष्ट माणसाला ठाऊक आहे तिथून जी ठाऊक नाही तिकडे न्यावं, हा माझा जन्मभराचा नियम. शेडबाहेर पाण्याचं पिंप होतं. मी त्याचा हात पाण्यात धरून पुढे ओढला. "लागतंय?"

"पाणी लागतंय."

"हवा म्हणजे पातळ पाणी," मी म्हटलं. हे वाक्य मी चौतीस वर्षं वर्गात वापरलं आहे आणि ते कधी फुकट गेलेलं नाही. "आपली गाडी त्या पातळ पाण्यातून चाललीय असं समज."

विठूने डोळे मिटले. "म्हंजे गाडी ही होडीच."

"अगदी बरोबर."

"नि तिच्या नाकाचा प्रश्न हाय."

"नाकाचाच."

"समाजला," विठू म्हणाला. "ह्याच्यात आमच्या तीन पिढ्या गेल्यात. तुमी घरी जावा."

इतक्या लवकर समजणारा विद्यार्थी मला शाळेत मिळाला नव्हता. मी भारावलो. दुसऱ्या दिवशी विठू घरी येऊन दोरीने आणि वितीने मापं घेऊन गेला. जाताना त्याने काही प्रश्न विचारले. माणसं किती बसतात, मी म्हटलं पाच. जाळी असतात का, मी म्हटलं नाही. खारं पाणी लागतं का, मी म्हटलं रत्नागिरीत कोणाला लागत नाही. मग फाटकातून वळून म्हणाला, "नाव कुणाच्या नावानं?"

त्याला पावती करायची असेल असं मला वाटलं. "कमळाच्या," मी म्हटलं. "सगळे कागद तिच्याच नावावर आहेत."

तीन आठवड्यांनी विठू दोन माणसांसह टेम्पोतून आला. त्यांनी जे उतरवलं ते सुंदर होतं, यात वाद नाही. पिवळंधमक, आरशासारखं गुळगुळीत, खालून गोलाई घेत पुढे आणि वर निघालेलं. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. ती एक पूर्ण नाळ होती, मागे जिथून होडी सुरू व्हायची तिथे कापलेली. दोन्ही बाजूंना निळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'कमळाप्रसाद'.

मला ती जरा मोठी वाटली. पण कारागिराने मन लावून केलेल्या कामाला पहिल्याच क्षणी 'पण' म्हणू नये, असं मी मुलांना शिकवत आलो आहे. विठूने ती बंपरखाली बोल्टांनी घट्ट बसवली, अगरबत्ती लावली आणि नारळ वाढवला. बंपर जुन्या लोखंडाचा होता. एका ठोक्यात नारळाची दोन शकलं झाली.

कमळा बाहेर आली. तिने डावी बाजू वाचली, फिरून उजवी बाजू वाचली.

"हे काय आहे?"

"स्पॉइलर."

"माझं नाव का आहे?"

"होडीवर मालकिणीचं नाव असतं वयनी," विठू म्हणाला.

"ही होडी आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"व्हय," विठू म्हणाला.

"बरं," कमळा म्हणाली आणि आत गेली. तिच्या 'बरं'चे चौदा अर्थ आहेत. हा त्यातला नववा होता.

चाचणीला विठू माझ्या शेजारी बसला. हातखंब्यापर्यंत ठीक गेलं. पुढे मोकळा रस्ता लागल्यावर मी वेग वाढवला आणि आता हवा कशी दुभंगते, कुठून वर जाते, कुठून खाली, हे विठूला समजावून द्यायला लागलो. ऐंशी झाले, पंच्याऐंशी झाले, आणि गाडीचं नाक हलकं झालं. पहिल्यापेक्षाही हलकं. गाडी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, दुभाजकाशी ओळख करून परत आली.

मी कशीबशी थांबवली. घाम पुसून शेजारी बघतो तर विठूचा चेहरा आनंदाने फुललेला.

"बगलाव गुरुजी? कशी उचलते. लाटंवर चढताना आमची होडी अशीच उचलते."

"विठू," मी म्हटलं, "उचलायची नव्हती. दाबायची होती."

त्याने खिडकीतून वाकून नाळ एकदा निरखली. मग शांतपणे म्हणाला, "गुरुजी, नाक दाबलेली होडी खाली जाते. समुद्रात."

"पण ही गाडी आहे."

"तुमीच बोललाव, हवा म्हंजे पातळ पाणी."

मी शिकवलेलं त्याला शंभर टक्के समजलं होतं आणि त्याने शंभर टक्के उलटं केलं होतं. आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. चौतीस वर्षांत माझा धडा इतका यशस्वी झाला नव्हता.

परतीच्या वाटेवर नाक्यावर हवालदाराने अडवलं. तो गाडीभोवती फिरला. "पुढे लोखंडी गार्ड लावायला बंदी आहे, माहीत नाही?"

"हे गार्ड नाही," मी म्हटलं आणि हवेपासून सुरुवात केली.

"अर्धी होडी हाय साहेब," विठूने मध्येच सांगून टाकलं.

"होडीला नंबर असतो. नंबर कुठाय?"

"अर्धीला नसतो."

हवालदाराने वही उघडली. वाहनाचा प्रकार या रकान्यात त्याने 'कार' लिहिलं, पुढे स्वल्पविराम दिला आणि पेन थांबलं. बराच वेळ गेला. मग त्याच्या लक्षात आलं की गाडीची नंबरप्लेट नाळेच्या मागे गेली आहे. "नंबर दिसत नाही, नाव दिसतंय," तो म्हणाला. "नाव चालत नाही. उद्याच्या उद्या बदला, आणि हे परत इथून नेऊ नका. मला वरिष्ठांना काय सांगायचं?"

त्या संध्याकाळी मी कागदावर आकृती काढली आणि मला साधी गोष्ट दिसली. सुलटी नाळ हवा खाली घेऊन नाक उचलते, तर पालथी नाळ हवा वर घेऊन नाक दाबेल. वस्तू तीच, बोल्ट तेच. नंबरप्लेटही मोकळी होईल. मी विठूला फोन केला.

"पालथी?" विठूचा आवाज बदलला. "गुरुजी, होडी पालथी झाली म्हंजे घरात काय होता, ता तुमाला मी सांगायला नको. सोडवायला येतो. माज्या हातानं पालथी लावणार नाय."

ते काम आप्पांनी केलं. एसटीत असताना त्यांनी याहून कठीण वस्तू उलट्या बसवल्या होत्या, असं ते म्हणाले. दुपारभर खपून त्यांनी नाळ पालथी केली. फक्त एक गोष्ट आम्हा दोघांच्या लक्षात आली नव्हती. 'कमळाप्रसाद' ही अक्षरं आता दोन्ही बाजूंना पाय वर करून उभी होती.

रावजी रस्त्यावर थांबून, मान खांद्याला टेकवून वाचत राहिले. "गुरुजी, वहिनींचं नाव पालथं का घातलंत? काही झालंय का?"

"काही नाही. वाऱ्यासाठी."

"असं," रावजी म्हणाले. तलाठी कार्यालयात ज्या सुरात 'कागद वर गेलेत' म्हणतात, तो सूर होता. दुसऱ्या दिवशी तुळसाचा देवरूखहून फोन आला. पलीकडून ती काय विचारत होती ते ऐकू येत नव्हतं, पण कमळाचं उत्तर ऐकू आलं. "नाही गो. आमचं नाही बिनसलं. गाडीचं बिनसलंय."

मी अक्षरांवर वर्तमानपत्र चिकटवलं. ते पहिल्याच वळणावर उडालं.

दुसऱ्या चाचणीला आप्पा बसले. हवालदाराची ड्यूटी संपल्याची खात्री करून आम्ही निघालो. कुवारबाव सोडताना आप्पांनी वर्कशॉपमधली एक हकिगत काढली. कुठल्यातरी गाडीचा गिअरबॉक्स उतरवण्यावरून कुठल्यातरी साहेबाशी झालेला तंटा. हातखंबा आला, साहेब अजून ऐकत नव्हता. पाली गेली, गिअरबॉक्स अजून खाली आला नव्हता. मला चार वेळा हवेचं सांगायचं होतं, पण शिरायला जागाच मिळेना. मी दात आवळून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलो होतो. काट्याकडे पाहिलं तर नव्वद. आणि गाडी? ओळंब्याने रेघ मारावी तशी सरळ.

घरी आल्या आल्या कमळाला सांगितलं. "नाणीजपर्यंत नव्वदने गेलो. जराही हलली नाही. पालथी नाळ म्हणजे काय चीज आहे."

"आप्पा काय बोलत होते?"

"अगं, तेच बोलत होते. अख्खा रस्ता."

"आणि तुम्ही?"

"मला कुठे बोलू देतायत?"

कमळा हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. मी वायुगतिकीबद्दल बोलतोय आणि ही आप्पांना हसतेय, असं मला वाटलं. "मग आता बसशील ना?" मी विचारलं. "बरं, बघू," ती म्हणाली. हा 'बरं' दहावा होता.

आणि तेवढ्यात गाडीची नोंदणी संपत आली. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, त्यांना पसंत पडली तर पुढची पाच वर्षं, नाहीतर भंगार. मला नाळेची काळजी होती. ती काढून न्यावी, तर फसवणूक. चौतीस वर्षं कॉपी पकडणाऱ्या माणसाने परीक्षेला जाताना असं करणं बरं दिसलं नसतं. मी लावून नेली. मालक म्हणून कमळाही आली. पण गाडीतून नाही, मागून रिक्षाने. एसटीच्या वेळी मी मागे असायचो, एवढाच फरक.

गाडी तपासायला एक तरुण निरीक्षक बाई होत्या. त्यांनी मान तिरकी करून डावी बाजू वाचली. "कमळाप्रसाद?"

"मी," कमळा म्हणाली. "प्रसाद नाही, नुसती कमळा."

मी बाईंना सगळं सांगितलं. हवा, पाणी, विठू, नाळ, पालथी का केली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. असे श्रोते हल्ली मिळत नाहीत. शेवटी म्हणाल्या, "काढा हे, काका."

"पण मॅडम, वेगात स्थिरता..."

"किती वेगात?"

"नव्वद."

"तिथे पाटी कितीची आहे?"

पाटीविषयी मी काही मत व्यक्त केलं नाही.

रिक्षावाल्याने आणि मी मिळून बोल्ट सोडवले. नाळ जमिनीवर ठेवली. सहा महिन्यांचं काम अर्ध्या तासात खाली आलं. आता ही गाडी पुन्हा नाक उचलणार, कमळा जन्मभर एसटीने जाणार, आणि कंडक्टर बदलत राहतील. मी झाडाखाली जाऊन उभा राहिलो.

"मालक कोण? काकू तुम्ही ना?" बाईंनी चावी घेतली. "बसा, एक फेरी मारून बघू."

आणि कमळा पुढचं दार उघडून बसली. जराही न थांबता. पर्स मांडीवर घेतली, काच खाली केली, आणि माझ्यासमोरून गाडी फाटकाबाहेर निघून गेली. रिक्षावाला आणि मी नाळेच्या दोन बाजूंना उभे होतो. "वयनी बसल्या की," तो म्हणाला. ते मला दिसत होतं.

दहा मिनिटांनी दोघी हसत परत आल्या. "काका, गाडी झकास आहे," बाई म्हणाल्या. "अगदी सरळ धावते. आवाजही नाही. मागचे ब्रेक बघून घ्या फक्त." त्यांनी कागदावर सही केली आणि पुढच्या गाडीकडे वळल्या.

मी कमळाकडे गेलो. "तू बसलीस."

"हो."

"पण तू तर म्हणाली होतीस, गाडीत बसणार नाही."

"तुमच्याबरोबर, म्हटलं होतं," कमळा म्हणाली. "पहिला शब्द ऐकलात का?"

मी जमिनीवरच्या नाळेकडे पाहिलं.

"तुम्ही काही समजवायला लागलात की हात उचलता. एक नाही, दोन्ही. वर्गात फळा होता, तिथे ठीक होतं. त्या दिवशी पालीच्या अलीकडे तुम्ही मला चंद्रग्रहण दाखवत होतात. डावी मूठ पृथ्वी, उजवी मूठ चंद्र."

"आणि स्टिअरिंग?"

"ते सूर्य असेल. त्याला कोणी धरलं नव्हतं."

मला विठू आठवला. त्याला हवा दुभंगून दाखवताना माझे हात कुठे होते, ते आठवलं. मग आप्पा आठवले. आप्पांच्या गिअरबॉक्सने गाडी सरळ ठेवली होती, हे अनुमान काढायला मला फार वेळ लागला नाही. पचवायला लागला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत का? पोरांना दर रविवारी सांगता, प्रश्न विचारा, प्रश्न विचारा. मी म्हटलं, बघू किती दिवसांनी विचारतात. तुम्ही होडी बांधलीत."

रिक्षावाला तोंड फिरवून मीटर पुसत होता.

कमळाने त्याला परत पाठवलं. नाळ डिकीत मावेना, म्हणून मागच्या सीटवर आडवी घातली. तिचं एक टोक खिडकीतून बाहेर राहिलं. मग कमळा पुढे येऊन बसली आणि दार लावलं. नेहमीसारखं, जरा आपटून.

"तुळसाकडे जाऊन येऊ. पण देवरूख येईपर्यंत शिकवायचं नाही."

"बरं," मी म्हटलं. मला या शब्दाचा एकच अर्थ येतो.

आम्ही पन्नासने निघालो. हातखंब्यापर्यंत डांबरावर मृगजळ दिसत होतं आणि मी त्याच्याविषयी काही बोललो नाही. एका ट्रकच्या मागच्या चाकांपैकी दोन जमिनीला न टेकता फिरत होती, त्याचंही कारण सांगितलं नाही. पालीच्या पुढे एक घार पंख न हलवता वर वर चढत गेली. मी स्टिअरिंग आवळून धरलं आणि फक्त पुढचा रस्ता पाहिला. चाळीस मिनिटं आमच्या गाडीत शांतता होती. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्यात एवढी सलग शांतता पहिलीच असावी.

नाणीजच्या पुढे रस्ता रुंद करायला डोंगर नुकताच कापला आहे. दोन्ही बाजूंना सुरीने केक कापावा तशा उभ्या भिंती. कमळा खिडकीतून बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "हा वर एवढा लाल आणि खाली एकदम काळा. एकाच डोंगरात दोन दगड कसे?"

मी तिच्याकडे पाहिलं. "हे मी तुला निदान वीस वेळा सांगितलंय."

"सांगितलं असेल. मी रस्ता बघत असायचे. कोणीतरी बघायला नको?"

मी आरशात मागचा रस्ता पाहिला, डावा दिवा लावला, गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि चावी काढून तिच्या हातात दिली. मग दोन्ही हात मोकळे केले आणि सुरुवातीपासून सांगायला लागलो.